मॅडमची पांढरी बाग

१

बहारीनमध्ये सित्र्याच्या लेबर कॅम्पमधून रिफाला जायला पिकअपने फार वेळ लागत नाही, पण मला तो रस्ता रोज आदल्या दिवसापेक्षा लांब वाटायचा. शेजारी दत्तूदादा डोळे मिटून बसलेला, मागे खताची पोती आणि ओल्या गोणपाटाखाली रोपं, आणि पुढे दिवसभर मॅडमची बाग. मी लँडस्केपिंग कंपनीत सुपरवायझर आहे. म्हणजे उन्हात माळ्यांबरोबर उभं राहायचं आणि एसीत मॅनेजरच्या शिव्या खायच्या. दत्तूदादा आमचा जुना माळी. आम्ही दोघे कुडाळकडचे, एकाच वाडीतले. तो माझ्याहून बराच मोठा, म्हणून दादा.

मॅडम म्हणजे मिसेस थॉर्नली. इंग्लंडमधल्या बड्या घराण्यातली बाई. तिकडचं वडिलांचं घर विकून मुलाच्या बंगल्यात राहायला आली, आणि येताना वडिलांची बाग डोक्यात घेऊन आली. मुलगा कायम विमानात. बाई कायम बागेत, टोपी घालून, हातात काठी.

तिला सगळं पांढरं हवं होतं. पांढरे गुलाब, पांढरी सदाफुली, राखाडी पानांची झुडपं. लाल किंवा केशरी फूल दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "ही काय स्टेशनमास्तरची बाग आहे?" असं ती विचारायची. शेजारच्या भिंतीवरून बोगनवेल डोकावायची तर त्या बाजूला ती बघायचीसुद्धा नाही. रांगेत लावलेलं तिला खपत नसे. रांगा राउंडअबाउटवर असतात म्हणे, घरात नाही. रोपं लावायची ती तीन नाहीतर पाच, कधीच दोन किंवा चार नाही. आणि सगळ्यात मोठी अट ही की, बाग कुणी लावली आहे असं वाटताच कामा नये. आपसूक उगवल्यासारखी दिसली पाहिजे. आम्ही दिवसभर राबायचं, ते इथे कुणी राबलंच नाही असं दिसावं म्हणून.

बहारीनच्या उन्हाला या आवडीनिवडी ठाऊक नव्हत्या. लव्हेंडर आणलं की जळायचं. गुलाब आठवडाभर टिकले तर आम्ही एकमेकांना चहा पाजायचो.

दत्तूदादाला घरी जायचं होतं. सुट्टीवर नाही, कायमचं. गुडघे गेले होते, सुमनबाई, म्हणजे त्याची बायको, तिकडे एकटी वाट बघत होती. त्याने कंपनीकडे एक्झिट, म्हणजे काम सोडून परत जायची परवानगी मागितली तेव्हा आमचा मॅनेजर जुनैद म्हणाला, "दत्तूभाई, वो रिफावाला गार्डन लग जाए, फिर खलास, जाओ." म्हणजे बाग लागली की सुटका. आणि बाग काही लागत नव्हती. दर नव्या रोपाबरोबर दादाचं घर एक पाऊल लांब जायचं, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

२

एका सकाळी दादा नारळ घेऊन पिकअपमध्ये बसला. सुपरमार्केटमधला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला.

"ह्यो कित्याक?" मी विचारलं.

"गाऱ्हाणा घालतंय आज. मरत इला सगळा. राखणदाराक सांगल्याशिवाय कायव लागाचा नाय."

आमच्याकडे जमिनीचं काही काम काढलं की त्या जागेच्या राखणदाराला, जागा सांभाळणाऱ्या दैवताला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पण ते गावात. तिथे राखणदार कोण, कुठल्या झाडाखाली, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं.

"दादा, रिफात खयचो रे राखणदार? तेका मालवणी समजतली काय?" मी चिडवलं.

"जागा आसा म्हणजे कोण तरी आसतलोच," तो म्हणाला आणि रस्ताभर पुटपुटत शब्द जुळवत राहिला. म्हणून मला ते पाठ झाले. "बा देवा म्हाराजा! हय जो कोण असशीत, तुझा नाव माका ठावक नाय. आमी परमुलखातली माणसा. जां काय ह्या मातयेत लावलेला आसा, जेचो पाय ह्या मातयेत रुतलो आसा, तेका सांभाळ. हयसून तेका हलाक देव नको रे म्हाराजा!"

बंगल्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "चल, व्हय म्हाराजा म्हणूक कोण तरी होयो."

मला लाज वाटली. मॅडम खिडकीत असेल, स्वयंपाकघरातून मसूदा बघेल. मसूदा तिथली कामवाली, बांगलादेशची, आमच्यावर हसायला तिला निमित्तच हवं असतं. मी म्हटलं, तूच म्हण दोन्ही. काचा वर करून, एसी लावून गाडीतच बसून राहिलो. समोर दादा चपला काढून नव्या वाफ्यात उतरला. ओल्या मातीत त्याचे पाय घोट्यापर्यंत गेले. हात जोडलेले, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

परत आला तो खुशीत.

"बरा केलंस रे. आवाजव बरो लावलंस."

"मी? मी खय बोललंय? हयच बसलेलंय."

दादा हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "मगे कुंपणाच्या मागसून कोण म्हणी होतो?"

मी म्हटलं, शेजारचा ड्रायव्हर असेल, फोनवर बोलत असेल. ते मला स्वतःलाही पटलं, कारण दुसरं काय असणार?

३

बाग लागली.

जून चढत होता, दुपारी नळाच्या तोटीला हात लावायची सोय नव्हती, आणि मॅडमचे गुलाब असे टवटवीत की आत जाऊन हात लावून बघावंसं वाटावं. मी कारणं शोधली. ठिबकची नवी लाईन, भिंतीची सावली, खताचा नवा ट्रक. सुपरवायझरला कारणं शोधावीच लागतात, रिपोर्टमध्ये राखणदार लिहिता येत नाही.

काही गोष्टी मात्र रिपोर्टच्या बाहेरच्या होत्या. आम्ही सकाळी पोचायच्या आधीच तण काढलेलं असायचं. वाफ्यात उतरून काम केलं तरी वळून बघावं तर मातीवर पायाचा ठसा नाही. दादाचा विळा आणि माझी बाटली कुठेही विसरलो तरी दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर ठेवलेली. बागेत माणसाची खूण राहत नव्हती.

एकदा मॅडमने राखाडी झुडपांची चार ठोंबं दाखवून एक काढायला सांगितलं. चार तिला डोळ्यांत खुपत होती. मी हाताने ओढलं, हललं नाही. फावडं घातलं, फावड्याच्या टोकाला माती लागत होती पण ठोंब सुटत नव्हतं. वीतभर उंचीचं झुडूप, आणि मी घामाने निथळलो, कमरेत कळ आली. शेवटी उद्या बघू म्हणून सोडलं. दुसऱ्या दिवशी तिथे पाच ठोंबं होती.

"दादा, तू लावलंस?"

"मी नाय."

त्याच दिवशी मसूदा चहाचा ट्रे घेऊन आली. तीन कप.

"तिसरा किसका?" मी विचारलं.

"वो पीछेवाला भाई का," ती म्हणाली. "रोज रखती हूँ, पीता ही नहीं."

मागे कुंपण होतं. कुंपणामागे भिंत. मी मसूदाला म्हटलं, आम्ही दोघेच असतो. ती माझ्याकडे, मीच येडा असल्यासारखी बघून आत गेली. तिसरा कप तिथेच थंड झाला.

४

मॅडमला विचारायचा धीर मला नव्हता, पण तिनेच विषय काढला. ती खूश होती. माझ्याशी इतकं सलग ती कधी बोलली नव्हती.

"तुमचा तिसरा माणूस फार चांगला आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही दोघे सतत दिसत राहता. तो दिसत नाही."

"मॅडम, आम्ही दोघेच आहोत."

"वडिलांच्या घरी," ती म्हणाली, आणि मी काय बोललो हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही, "आम्ही मुलं बागेत आलो की माळी झाडाआड व्हायचे. आडोसा नसेल तर पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तशी शिस्तच होती. हा माणूस तसाच आहे. कुठे शिकला?"

मी "कंपनीत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, पण दोन्हींपेक्षा दमणूक जास्त होती. आमच्याकडे कुणी बघत नाही याची आम्हाला सवय असते. मॉलमध्ये, लिफ्टमध्ये, रस्त्याच्या कडेला. आम्ही दिसत नाही त्याचं या बाईला कौतुक होतं, आणि जो खरंच नव्हता तो तिला दिसत होता.

त्यानंतर मी कुंपणाच्या बाजूला पाठ करून काम करायचं टाळू लागलो. समोरून बघितलं की तिथे कुंपणच असायचं. पाठ केली की मानेवर सावली पडायची, गार.

५

जुलैत दुपारच्या उघड्यावरच्या कामाला सरकारी बंदी असते. मग मॅडम म्हणाली, दत्तूने मागच्या खोलीत राहावं, पहाटे आणि संध्याकाळी काम करावं. जुनैदने लगेच होकार दिला. दादाही तयार झाला, कारण जुनैदने सोबत तिकीटही कबूल केलं होतं. गोव्याचं विमान, महिनाअखेरीला.

"एवढे दीस काडलंय, आता थोडेच," तो म्हणाला.

मी बाकीच्या साईट बघून अधूनमधून जायचो. प्रत्येक खेपेला दादा जरा कमी बोलायचा. कायम वाफ्यात, अनवाणी. सावलीत बस म्हटलं तर म्हणायचा, बरां आसा. चहा नको, जेवण नको. आधी मला वाटलं, घरी जायच्या ओढीने माणूस असा गप्प होतो. मीही होतो. पण सुमनवहिनीचा फोन आला की तो माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "सांग तिका, येतंय म्हणान."

"तूच सांग मरे!"

तो फोनकडे बघत राहायचा. मग मीच बोलायचो. वहिनी पलीकडून बेत सांगायची. घराला रंग लावलाय. अंगणात अबोली लावली आहे, कारण पूर्वी दादा दर सणाला तिला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणायचा. "तेंका सांगा भावजी, ह्या वर्सा अबोली मी लावलंय," ती म्हणायची, आणि मी तिथेच उभ्या असलेल्या माणसाला ते सांगायचो. तो मान हलवायचा. पुढच्या वेळी विचारावं तर त्याला आठवायचं नाही.

मी त्याला विचारलं, "फाटकाभायर शेवटचो कदी गेल्लंस?"

त्याने बराच विचार केला. मग वाकून गुलाबाचं एक सुकलं पान खुडलं.

६

विमान दुपारचं होतं. मी सकाळीच गेलो. बॅग फाटकाशी भरून ठेवलेली होती, मसूदाने भरली होती. दादा गुलाबांमध्ये उभा, धुतलेला निळा शर्ट घालून, पाय मातीत.

"चल दादा. यल्ला."

"येतंय," तो म्हणाला, आणि आला नाही.

"काय झाला?"

"पाय उचलणत नाय रे सुजीत."

ऊन लागलं असणार असं समजून मी पाणी मारलं, खांद्याखाली हात घातला. दादा असा किती वजनाचा, काठीसारखा माणूस. मी ओढलं. तो हलला नाही. मला त्या राखाडी ठोंबाची आठवण झाली, आणि दादाच्या गाऱ्हाण्याचीही: हयसून तेका हलाक देव नको. मी फावडं घेतलं, त्याच्या पायाभोवतीची माती उकरायला लागलो. माती निघत होती, घोटे काही उघडे पडत नव्हते. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तक्रार नव्हती.

"माका घराक जावचा होता," तो म्हणाला.

तेव्हा मला रडू फुटलं. फावडं टाकलं. चपला काढाव्यात इतकीही शुद्ध नव्हती, बुटांसकट उभा राहिलो, हात जोडले आणि जमेल तसं गाऱ्हाणं घातलं. आयुष्यात कधी घातलं नव्हतं. "बा देवा म्हाराजा, तुझा नाव माका ठावक नाय. चुकला माकला पदरात घे. दत्तूक घराक पाठव रे म्हाराजा. सुमनवहिनी वाट बघता. काय्येक कर, पण दत्तूक घराक पाठव."

मग थांबलो. कुणीतरी व्हय म्हणायला हवं होतं. मसूदा खिडकीत होती, तिला काय कळणार? दादाचे ओठ मिटलेले होते, मी त्याच्याच तोंडाकडे बघत होतो.

"व्हय म्हाराजा," दादाचा आवाज आला. कुंपणाकडून.

घाम डोळ्यांत गेला होता, प्रचंड चुरचुरत होतं. मी बाहीने तोंड पुसलं. मान वर केली तेव्हा दादा समोर नव्हता. फाटकाशी होता, हातात बॅग, पाठमोरा. मग तो सरळ चालत जाऊन पिकअपमध्ये बसला.

मी धावतच गाडीत शिरलो. सुटलो म्हणून इतकं हायसं वाटत होतं की सीटबेल्ट लावायचंही विसरलो. गाडी बाहेर काढताना सवयीने आरशात बघितलं. पांढऱ्या गुलाबांमध्ये काहीतरी निळं होतं. माणसाच्या उंचीचं. आरशावर ऊन चमकलं, मी डोळे बारीक केले, आणि तेवढ्यात फाटकाचा खांब मध्ये आला.

मी थांबायला हवं होतं. गाडी उलटी घेऊन बघायला फार वेळ लागला नसता. पण विमान होतं, शेजारी दादा बसलेला होता, धडधाकट, आणि मला खरंच आणखी काही बघायचं नव्हतं.

मुहर्रकच्या विमानतळापर्यंत तो काही बोलला नाही. उतरला तेव्हा गाडीतली चटई कोरडी होती, एक मातीचा कणही नाही. एअरपोर्टच्या दारात मी त्याला मिठी मारली. अंग गार होतं. त्याने वळून बघितलं नाही.

७

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मॅडमच्याच बागेत होतो. दादाच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं, म्हणून पाणी घालायला मीच जात होतो.

"पोचलो काय दादा?" मी विचारलं.

"पोचलो." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "भावजी, ते घरात येणत नाय. अंगणातच आसत. जेवणत नाय, बोलणत नाय. शेजारची बघूक इली की पाठ करून उभे ऱ्हवतत."

"दमलो आसतलो."

"काल सकाळी उठान बघतंय तर माजी अबोली उपटून गडग्याभायर टाकलेली. जास्वंद टाकली, झेंडू टाकलो. अंगणात एक पांढरी तगर तेवडी ठेयली." तिचा आवाज फुटला. "तेंच्यासाठी लावलेलंय मी ती अबोली. भावजी, माका खरा सांगा. तुमी हय कोणाक धाडलात?"

मी गुलाबांच्या वाफ्यासमोर उभा होतो. ओळीत नाहीत, आपसूक उगवल्यासारखे. मधोमध एका जागी फांद्या जरा बाजूला झाल्या होत्या, कुणी उभं राहिलं तर होतील तशा. तिथे कुणी नव्हतं. मी टक लावून बघितलं, कुणीच नव्हतं. फक्त गुडघे दुखणारा माणूस उभ्याने सोडतो तसा एक श्वास ऐकू आला.

"वहिनी," मी म्हटलं, "तोच आसा तो. दुसरो कोण आसतलो? इतक्या वर्सांनी घराक इलो हा. सवय होवक जरा टायम लागतलो."

पलीकडे ती नाक ओढत होती. मग "बरां," म्हणाली आणि फोन ठेवला.

जुनैदने परवा मला दुसरी साईट देऊ केली, बुसैतीनला, समुद्राकाठी, सावलीतली. मी नको म्हटलं. त्याला कारण विचारावंसं वाटलं नाही. मी रोज सकाळी रिफाला जातो, नळ सोडतो, ठिबक तपासतो. त्या एका जागी पाईप हातात धरून जरा जास्त वेळ थांबतो. ऊन फार असतं इथे, आणि त्याला तहान लागत असेल.